मधली शुद्ध

गोविंद गुरुजी सुतार हे नाव या अंकाच्या वाचकांपैकी कोणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. ते गडहिंग्लजला आमच्या शाळेत सुतारकाम शिकवत. ज्या मोठ्या डॉक्टरांनी मला पुढे शस्त्रक्रिया शिकवली त्यांचा मी ऋणी आहेच, पण उपकारांचा क्रम लावायचा झाला तर गुरुजी पहिले. बेंगळूरमध्ये डॉक्टरकीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाने सुताराचं नाव आधी घ्यावं, याचं कारण पुढे कळेल.

आमचा तेलाचा घाणा होता. वडिलांना सही येत नव्हती आणि घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. चौथी झाली की मी घाण्यावर बसायचं हे ठरलेलंच होतं. त्यात जुलूम कसला नव्हता, रीतच तशी होती. गुरुजी एक दिवस घाण्यावर आले, फिरणाऱ्या बैलाकडे बघत जरा वेळ उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "या कामाला बैल पुरे आहे. या पोराला कशाला जुंपता? याचे हात चांगले आहेत."

वडील म्हणाले, "चांगले आहेत म्हणूनच मला पाहिजेत."

गुरुजी रोज येऊ लागले. वडील रोज नाही म्हणत. शेवटी एकदा पेंड काढता काढता, माझ्याकडे न बघता वडील बोलले, "न्या. हा मला झालाच नव्हता, असं धरतो."

ते वाक्य मला त्या वयात फार लागलं. पण मी शाळेत राहिलो.

गुरुजींच्या वर्गात पहिलं मोठं काम म्हणजे गिरमिटाने फळीला भोक पाडणं. कोणालाही वाटेल, यात काय आहे? गिरमिट टेकवायचं आणि फिरवायचं. पण आमच्या फळ्या गुरुजी आधी उलट्या करून बघत. पलीकडच्या बाजूने ढलपी उडालेली असायची. "पुढून सगळेच साव," ते म्हणत. त्यांची रीत अशी : सुरुवातीला अंगाचा भार द्यायचा, मध्ये हाताने ऐकत जायचं, आणि शेवट जवळ आला की भार काढून घ्यायचा. खाली धरलेल्या बोटाला टोक नुसतं टोचलं की थांबायचं, फळी उलटायची आणि उरलेलं भोक त्या बाजूने पुरं करायचं. कोणी चुकलेलं भोक मेण आणि भुसा भरून लपवलं, तर गुरुजी ते नखाने खरवडून काढत आणि म्हणत, "मेणानं भोक बुजवणाऱ्यानं बाहुल्या कराव्यात. सुतारकी करू नये."

पुढे मी डॉक्टर झालो, शस्त्रक्रियेकडे वळलो आणि यशवंतपूरच्या पलीकडे असलेल्या एका सरकारी कारखान्याच्या इस्पितळात रुजू झालो. ते साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. कामगार सायकलने येत. सायकल घसरणं, क्रेनचा आकडा लागणं, जटक्याच्या, म्हणजे तिकडच्या टांग्याच्या, घोड्याची लाथ बसणं, अशा कारणांनी डोक्याला मार बसलेली माणसं आमच्याकडे नेहमी येत. त्यांतल्या एकाच प्रकाराबद्दल मी इथे लिहिणार आहे.

नारळ डोळ्यांपुढे आणा. बाहेर करवंटी, आत खोबरं, आणि खोबऱ्यावर चिकटलेली तपकिरी साल. आपल्या डोक्याचंही तसंच आहे. बाहेर हाड, आत मेंदू, आणि मेंदूभोवती एक जाड आवरण, ते हाडाला आतून चिकटलेलं. कानशिलापाशी हे हाड सगळ्यांत पातळ असतं आणि नेमकी तिथेच, हाडाच्या आतल्या बाजूला, एक धमनी खोबणीतून वर गेलेली असते. तिथे मार बसून हाडाला चीर गेली की ही धमनी फाटते. रक्ताला बाहेर यायला वाट नसते. ते हाड आणि आवरण यांच्यामध्ये साठत जातं. नारळ जुना झाल्यावर खोबरं करवंटीपासून सुटतं, तसं आवरण हाडापासून सुटत जातं आणि खालचा मेंदू दाबला जातो. मेंदूला बहुधा काहीच इजा झालेली नसते. दोष मेंदूचा नसतो, जागेचा असतो. वेळेवर हाडाला भोक पाडून रक्त काढलं, तर माणूस चार दिवसांनी बायकोशी भांडू लागतो. उशीर झाला तर संपलं. शस्त्रक्रियेच्या धंद्यात इतका सरळ हिशेब फार थोड्या ठिकाणी आहे.

अवघड भाग वेगळाच आहे. माराने माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो आणि मग शुद्धीवर येतो. उठून बसतो, पाणी मागतो, बोलतो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि हे सगळं चाललेलं असताना आत रक्त साठतच असतं. या वेळेला आम्ही आपसात 'मधली शुद्ध' म्हणायचो. आमचे मोठे सर्जन डॉक्टर शेषाद्री यांनी मला पहिल्याच आठवड्यात एका क्रेनवाल्याची गोष्ट सांगितली. ती मी येण्यापूर्वीची. त्याला आकडा लागला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने उप्पीट खाल्लं, आपल्याला इथे आणल्याबद्दल मेहुण्याला शिव्या दिल्या आणि कोणाचं न ऐकता तो चालत घरी गेला. दिवेलागणीच्या आत त्याला जटक्यात आडवा घालून परत आणलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बोलतो म्हणून सोडू नका," शेषाद्री म्हणाले. "त्याला बोलता ठेवा."

तेव्हापासून आमच्याकडे नियम होता. डोक्याला मार आणि क्षणभर का होईना, शुद्ध गेलेली, असा माणूस आला की त्याला खाटेवर ठेवायचं आणि सिस्टरने मधूनमधून त्याला नाव, गाव, सकाळी काय खाल्लं, हे विचारत राहायचं. उत्तर घसरलं की आम्हाला हाक. आमच्या सिस्टर फिलोमिना मंगळूरच्या होत्या, आवाज खणखणीत. झोपू पाहणाऱ्या रोग्यांच्या त्या वैरी होत्या. सायकलवरून पडलेले एक वृद्ध शास्त्री त्यांना म्हणाले, "बाई, मी माझं नाव कागदावर लिहून देतो, तुम्ही पाठ करा. मला विसरायची सवय नाही, तुम्हाला दिसतेय." एका फोरमनने थट्टा म्हणून आपण राज्यपाल असल्याचं सांगितलं. सिस्टरनी शांतपणे न्हाव्याला निरोप धाडला. वस्तरा दिसल्यावर फोरमनला स्वतःचं खरं नाव आजोबांसकट आठवलं.

हा न्हावी म्हणजे मुनियप्पा. तो इस्पितळाच्या नोकरीत होता. कवटीला हात लावायचा तर आधी डोकं भादरावं लागतं, ते त्याचं काम. कोणाही पुरुषाच्या डोक्याला वस्तरा लावण्यापूर्वी तो एक प्रश्न हमखास विचारी, "अप्पा इद्दारा?" म्हणजे, वडील आहेत का? आपल्याकडे काय आणि कर्नाटकात काय, मुलाने सगळं डोकं उतरवायचं ते बाप गेल्यावर. बाप हयात असला की मुनियप्पा घरच्यांचा होकार घेतल्याशिवाय पुढे जात नसे. बहुतेक घरचे रडत रडत हो म्हणत. शेषाद्रींनी त्याला कधी अडवलं नाही. "एक मिनिट जातं," ते म्हणायचे, "जाऊ दे."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

रविवार होता. कारखान्याच्या मैदानावर क्रिकेट चाललं होतं. आमच्याकडे टर्नरचं काम शिकणारा व्यंकटेश नावाचा मुलगा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू त्याच्या डाव्या कानशिलावर बसला आणि तो पडला. तोंडावर पाणी मारल्यावर उठला. आता खेळत नाही म्हणाला, पण घरी जाण्याऐवजी, आपल्या संघाची फलंदाजी आल्यावर, अंपायर म्हणून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याच्याच संघाचा कप्तान चंद्रू त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून माझ्याकडे घेऊन आला.

"डॉक्टर, याचं डोकं तपासा," चंद्रू म्हणाला. "यानं मला आउट दिलं."

"पायच होता तुझा मध्ये," व्यंकटेश म्हणाला.

मी तपासलं. कानशिलावर सूज होती, बाकी सगळं ठीक. मी त्याला खाटेवर घेतलं आणि घरी निरोप धाडला.

त्याचे आईवडील जटक्याने पेटेतून, म्हणजे जुन्या बाजारपेठेच्या भागातून, आले. वडील मारुतीराव, शिवणकामाचं दुकान. ही मंडळी कैक पिढ्यांपासून बेंगळूरची, घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि दोन्हींच्या मधली त्यांची अशी एक वेगळीच भाषा. मारुतीरावांनी काळा कोट घातला होता आणि डोक्याला जरीचा रुमाल बांधला होता. मला वाटलं, इस्पितळात यायचं म्हणून. तसं नव्हतं.

"डॉक्टर, स्वल्प ऐका माझं," ते म्हणाले. "पोरगा सरी आहे. उठतोय, बसतोय, मला उलट बोलतोय. आणखी काय पाहिजे? आज जयनगरहून मुलीकडची माणसं येणार आहेत. मुलगा बघायला. त्यांना काय सांगू, मुलगा इस्पितळात आहे, तुम्ही त्याची खुर्ची बघून जा?"

"तो बोलतोय म्हणूनच ठेवतोय," मी म्हटलं.

"आणि बोलत नसता तर?"

"तरी ठेवलाच असता."

"मग तुमच्या इथून माणूस सुटतो कशानं?"

मी त्यांना नारळाचं सांगितलं. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "नारळ फोडून बघितल्याशिवाय कळत नाही, बरोबर. पण म्हणून कोणी प्रत्येक नारळ फोडत नाही, स्वामी." व्यंकटेशची आई रुक्मिणीबाई, ज्यांना शेजारपाजारचे सगळे अक्का म्हणत, मुलाच्या पायाशी बसल्या होत्या. मुलगाही बापाच्या बाजूने. "अण्णा, मी येतो. इथं नुसतं नाव विचारतात." तिघांपुढे मी एकटा. कागदावर सही घेऊन सोडायची सोय होती आणि मारुतीरावांनी ती मागितलीही. मी अर्धा तास थांबा म्हटलं. ते माझ्यावर नाराज होऊन व्हरांड्यात गेले.

तेवढ्यात व्यंकटेशने खिडकी लावायला सांगितली, उजेड डोळ्यांत जातो म्हणून. डोकं फार दुखतंय म्हणाला. सिस्टरनी नाव विचारलं. त्याने सांगितलं. सकाळी काय खाल्लं? इडली. गाव कोणतं?

"आउट," तो म्हणाला.

सिस्टरनी पुन्हा विचारलं. त्याने हात वर करून बोट दाखवलं, अंपायर दाखवतो तसं, आणि पुन्हा म्हणाला, "आउट." मग ओकारी झाली, आणि डोळे मिटले ते हाक मारूनही नीट उघडेनात. मी पापणी वर केली. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी झाली होती. उजव्या हाताची पकड सैल पडली होती. नाडी मंद आणि जड. पुस्तकात लिहितात तसं सगळं, एकामागोमाग एक.

शेषाद्री भाचीच्या लग्नाला म्हैसूरला गेले होते. आमची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या सर्जनना मी फोन केला. त्यांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाले, "माझ्यापर्यंत आणाल तोवर काही राहणार नाही. हत्यारं आहेत ना? मग तुम्हीच करा." हत्यारं होती. शेषाद्रींच्या समोर उभं राहून मी ही शस्त्रक्रिया पाहिली होती, मदत केली होती, शेवटचे चार फेरे मारलेही होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने कधी केली नव्हती.

मी बाहेर येऊन मारुतीरावांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मघाशी मी घेऊन गेलो असतो तर आता तो कुठं असता?"

"जटक्यात," मी म्हटलं.

ते माझ्या मागोमाग दारापर्यंत आले.

मुनियप्पा पेटी घेऊन आला. डाव्या बाजूला काही सापडलं नाही तर उजवीकडे बघावं लागतं, म्हणून सगळं डोकं उतरवायचं होतं. त्याने साबण फेसला आणि सवयीप्रमाणे विचारलं, "अप्पा इद्दारा?"

अक्का ताडकन उठल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. "दिसत नाही तुला? हे काय उभे आहेत! बाप जिवंत उभा असताना लेकाचं डोकं उतरवतोस?"

"अक्का, औषधापुरतं आहे," सिस्टर म्हणाल्या. "तिरुपतीला नाही का देत?"

"तिरुपतीला देवाला देतात. इथं कुणाला देताय?" त्या मनगट सोडीनात. "एकाचं डोकं उतरवून दुसऱ्याला घालवू मी? कुणाला ठेवू यातला, सांगा ना!"

त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. त्यांच्या हिशेबाने तिथे दोन जीव पणाला लागले होते आणि कोणता ते त्यांना निवडायला लावलं जात होतं. मी समजावू लागलो, पण समजावायला लागणारा वेळ त्या खाटेवरच्या मुलाकडे नव्हता. मुनियप्पाचा हात तसाच हवेत होता.

मारुतीराव दारात उभे होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला. मुनियप्पाला म्हणाले, "परत विचार."

मुनियप्पा माझ्याकडे बघू लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस? विचार परत."

"अप्पा इद्दारा?" मुनियप्पा हळूच म्हणाला.

"इल्ला," मारुतीराव म्हणाले. नाहीत. आणि बायकोकडे न बघता पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेले.

अक्कांनी हात सोडला. मुनियप्पाने वस्तरा लावला. तो रडत होता, पण हात स्थिर होता.

शस्त्रक्रियेचं इथे लिहीत नाही, कारण ते मी तेव्हाच गुरुजींना लिहिलं होतं आणि ते पत्र शेवटी दिलं आहे. गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलाने माझी पत्रं मला परत पाठवली, त्यातलं ते एक. एवढंच सांगतो की रक्त डावीकडेच होतं. ते निघाल्यावर नाडी चढली, बाहुली हळूहळू लहान झाली, आणि उन्हं कलायच्या सुमारास सिस्टरनी नाव विचारल्यावर व्यंकटेशने वैतागून नाव सांगितलं.

मी फाटकाबाहेर गेलो. मारुतीराव गुलमोहराखाली मांडीवर रुमाल घेऊन बसले होते.

"आत चला," मी म्हटलं.

"कसा येऊ? मुनियप्पाला काय सांगितलं, ऐकलंत ना?"

"ते झालं आता."

"तुमच्यापुरतं झालं. मी उठून आत आलो तर तिच्या दृष्टीनं केस उगाच कापले. आणि उगाच कापले म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "बोलला का तो?"

"बोलला. नाव सांगितलं."

"आणि?"

"वडिलांचं नाव विचारलं, तेही सांगितलं. ते कुठं आहेत म्हणून सिस्टरनी विचारलं."

"मग? 'आहेत' म्हणाला, की 'होते'?"

"दुकानात आहेत, म्हणाला."

"त्याला अजून कोणी सांगितलं नसणार," मारुतीराव म्हणाले आणि हसले, आणि मग जरीच्या रुमालाने बराच वेळ तोंड पुसत राहिले.

मुलगा इस्पितळात होता तोवर ते फाटकाच्या आत आले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करून येत, गुलमोहराखाली बसत, आणि मी घरी जाताना त्यांना खबर देई. घरीही जात नव्हते. दुकानातच कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपत. अक्कांनी उपाध्यायांना विचारलं. उपाध्याय म्हणाले, एकदा गेला म्हटलेला माणूस परत आला तर तो नव्याने जन्मला असं धरायचं, मग दोष राहत नाही. त्याने मागच्या दाराने घरात यायचं आणि त्याचं बारसं करायचं.

त्या बारशाला मी गेलो होतो. पन्नाशी ओलांडलेला, मिशा असलेला माणूस मागच्या दाराने, वाकून, शेजारणींच्या हसण्यातून आत आला. पाळण्यात मावणं शक्य नव्हतं म्हणून पाटावर बसवला, समोर रिकामा पाळणा हलवला. गोटा केलेला व्यंकटेश भिंतीला टेकून बसला होता. आत्या म्हणून गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई आणली होती. तिने मारुतीरावांच्या कानात नाव सांगितलं. काय ठेवलं म्हणून सगळ्यांनी विचारलं.

"मारुती," म्हातारी म्हणाली. "नवं कशाला शोधायचं? चांगलं नाव आहे. स्वल्पच वापरलंय."

आम्ही घुगऱ्या खाल्ल्या. अक्का मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी तुमच्या कामात आड आले."

मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करत होता."

जयनगरची माणसं त्यानंतर आली, आणि केस वाढल्यावर लग्न झालं. व्यंकटेश कारखान्यातूनच निवृत्त झाला. त्याच्या डाव्या कानशिलावर बोट ठेवलं तर एक खळगा लागतो.

सगळेच असे परत आले नाहीत. मधली शुद्ध कोणाला किती वेळ मिळते याला नियम नाही, आणि कित्येकांची ती घरी, अंथरुणावर, "झोपू द्या त्याला, दमलाय" असं म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांमध्ये संपली. ते चेहरे मला आठवतात. आता सर्जापूर रोडला राहणारी माझी नात सांगते, तिच्या घराजवळच्या इस्पितळात डोक्याची चित्रं चहा पिईपर्यंत मिळतात. आनंद आहे. चित्र काढायला माणूस इस्पितळात थांबला पाहिजे, एवढं मात्र तिलाही मी सांगून ठेवलं आहे.

गुरुजींना लिहिलेलं पत्र असं :

"ती. गुरुजींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. आपली प्रकृती कशी आहे ते कळवावे. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक काम झाले, ते आपल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका मुलाच्या डोक्याच्या हाडाला भोक पाडायचे होते. हत्यार म्हणाल तर आपल्या शाळेतलेच गिरमिट, फक्त चकचकीत आणि उकळलेले. मोठे डॉक्टर गावात नव्हते. मुलगा समोर, सिस्टर शेजारी, आणि बाहेर त्याची आई. हत्यार टेकवले. पहिल्यांदा भार दिला. मध्ये ऐकत गेलो. वरचे हाड कोरडे लागते, मधले ओलसर आणि मऊ, आणि मग परत कठीण लागते. तिथे आपला आवाज कानात आला, भार काढून घे. मी काढून घेतला. नुसत्या मनगटावर फिरवत राहिलो आणि टोक किंचित अडकल्यासारखे झाले तिथे थांबलो. पलीकडे बोट धरायची सोय नव्हती. फळी उलटता येते गुरुजी, हे उलटता येत नाही. आपण शिकवलेले निम्मेच उपयोगी पडले आणि उरलेल्या निम्म्यासाठी देवाचे नाव घेतले. पण ढलपी उडाली नाही. आतून जांभळाच्या गरासारखे काळे रक्त वर आले. पुढे भोक रुंद करून ते सगळे काढले आणि फाटलेली शीर टाका घालून बांधली.

एका गोष्टीची क्षमा मागायची आहे. हाडाच्या कडेतून रक्त झिरपत होते, ते थांबवायला मला मेण भरावे लागले. आमच्या धंद्यात ती रीत आहे, पण भरताना आपली आठवण झाली आणि मान खाली गेली. आपण नखाने खरवडू नये, ही विनंती.

मुलगा बरा आहे. डोके भादरण्याच्या वेळी त्याच्या वडिलांनी काय केले, आणि पुढे त्यांचे बारसे कसे झाले, ते सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिले आहे. तो कागद आमच्या घाण्यावर जाऊन वडिलांना वाचून दाखवावा. सावकाश वाचावा. ते मध्ये उठून पेंड काढायला लागतील, तरी थांबू नये.

हा मला झालाच नव्हता असे धरतो, असे ते आपल्याला म्हणाले होते. मी तिथेच उभा होतो. इतकी वर्षे मला वाटत होते की त्यांनी मला टाकले. त्या फाटकाबाहेर बसलेल्या माणसाशी बोलल्यापासून तसे वाटत नाही.

दिवाळीला मला रजा मिळाली आहे. नाही म्हटलेल्या माणसाने घरात कोणत्या दाराने यायचे असते, एवढे त्यांना विचारून कळवावे."